कोळवण खोऱ्यातून पवन मावळात: दोन दिवसांची सायकल सहल कशी आखावी

पुण्याच्या पश्चिमेला सायकलवर फिरायचं असेल तर आधी नद्या पाठ करा, किलोमीटर नंतर मोजा. उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना इंद्रायणी, पवना, मुळा, मुठा, मोसे, आंबी. या सगळ्या सह्याद्रीच्या कण्याजवळ उगम पावतात आणि पूर्वेकडे वाहत येतात. दोन नद्यांच्या मधून डोंगराचा एकेक फाटा पूर्वेकडे उतरत जातो. आपला पंजा बोटं पूर्वेकडे करून नकाशावर पालथा ठेवा. बोटं म्हणजे डोंगराचे फाटे आणि बोटांमधल्या फटी म्हणजे खोरी. रस्ता फटीतून जात असेल तर चढ जाणवणारसुद्धा नाही, कारण तो नदीच्या संगतीनं हळूहळू वर जातो. बोट ओलांडायचं असेल तर मात्र खिंड आली, आणि दम लागायची जागा तीच.

एवढं ध्यानात आलं की 60 किलोमीटरच्या रस्त्यात पाय भरून येतील असा भाग किती, हे घरबसल्या सांगता येतं. नवीन माणसं अंतर पाहून घाबरतात. माझ्या मते पाहायचं ते एकच: आपण किती खिंडी ओलांडणार आहोत.

माझं आजोळ कोळवण खोऱ्यातलं आणि घर कोथरूडला. लहानपणी सुट्टीत एसटीनं जायचे तो रस्ता आता मी सायकलनं जाते. मामा अजून भात लावतो. मी खाली जो मार्ग सांगणार आहे तो पुण्याजवळच्या सगळ्या मार्गांत मला सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे, आणि पहिल्यांदाच मुक्कामी सहल करणाऱ्यासाठी तो सगळ्यात चांगला आहे असं मला मनापासून वाटतं. पहिल्या दिवशी कोथरूड, पिरंगुट, पौड, कोळवण, हाडशी, तिकोना पेठ, पवनानगर. दुसऱ्या दिवशी पवनेच्या काठाकाठानं खाली सोमाटणे आणि घर, किंवा खिंड ओलांडून कामशेत आणि तिथून लोकल. दोन्ही दिवस मिळून मोठे चढ म्हणावेत असे तीन-चारच.

कधी जावं

बहुतेक जण जुलै-ऑगस्टमध्ये जातात, कारण तेव्हा डोंगरावरून पाणी कोसळत असतं. माझी पसंती ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या अखेरपर्यंतच्या दिवसांना. ओढे अजून वाहते असतात, पाणी गढूळ नसतं, भात पिवळं पडून कापणीला आलेलं असतं आणि सकाळी खोऱ्यात धुकं साठलेलं असतं. कापणी सुरू झाली की रस्त्याकडेला पेंढ्या रचलेल्या दिसतात, कुणी डांबरावरच भात वाळत घातलेलं असतं. त्यावरून सायकल घालू नका. उतरा, कडेनं ढकलत न्या. कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टांचं ते धान्य आहे.

तरीही पावसाळ्यात जायचं असेल तर शेतीचं वेळापत्रक समजून जा. जूनमध्ये तरवा टाकतात, म्हणजे रोपं तयार करायची. जुलैत आवणी, म्हणजे चिखलणी करून खाचरात रोपं लावायची. या दिवसांत लोखंडी चाकांचे ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर एका खाचरातून दुसऱ्या खाचरात जाताना रस्त्यावर चिखलाचे थर सोडतात. वळणावर असा थर आला तर सायकल जागच्या जागी आडवी होते. म्हणून आवणीच्या दिवसांत उतारावर नेहमीच्या निम्म्या वेगानं या, आणि वळणात शिरायच्या आधी ब्रेक लावा, वळणात नको.

पावसाचा अंदाज पुण्याच्या आभाळावरून बांधू नका. पुणे शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो आणि लोणावळ्यात 4000 च्या पुढे. हा सगळा फरक साठ-पासष्ट किलोमीटरच्या आत आहे. कोथरूडला भुरभुर असते तेव्हा तिकोन्याला धो-धो चाललेलं असू शकतं. पश्चिमेकडे जाल तसा पाऊस वाढत जाणार, हे धरूनच निघा.

वाऱ्याचंही तसंच आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो आणि मोकळ्या खाचरांवरून थेट तोंडावर आदळतो. म्हणून जाताना पहाटे लवकर निघा, तेव्हा वारा पडलेला असतो. परतीचा पूर्वेकडचा प्रवास दुपारी ठेवला की तोच वारा पाठीशी येतो. उन्हाळ्यातही संध्याकाळकडे पश्चिमेचा वारा सुटतो. पूर्वेकडे जाऊन पश्चिमेला परतायचे मार्ग मला म्हणूनच आवडत नाहीत, दमलेल्या पायांना समोरचा वारा फार जड जातो.

एप्रिल-मेमध्ये ऊन कडक, पण पहाटे निघून दहाच्या आत सावलीला पोचणार असाल तर त्या दिवसांचीही एक गंमत आहे. करवंदं पिकलेली असतात आणि पवना धरणाचं पाणी ओसरलं की एरवी बुडालेलं वाघेश्वराचं जुनं हेमाडपंती देऊळ बाहेर येतं.

सायकल आणि सामान

यासाठी महागडी सायकल लागत नाही. हायब्रिड, म्हणजे रोड आणि माउंटन बाइकच्या मधली सायकल उत्तम. टायर 32 ते 40 मिलिमीटरच्या दरम्यानचे असावेत, कारण कोळवणच्या पुढे डांबर कुठे नवंकोरं तर कुठे उखडलेलं असतं आणि 25 च्या बारीक टायरवर हात बधिर होतात. गिअर असे हवेत की सगळ्यात हलक्या गिअरवर तुम्ही बसूनच, न उठता, चढ चढू शकाल. मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला 32 किंवा 34 दाते असले की खिंडीत गुडघे तक्रार करत नाहीत. सायकल घेऊन झाली असेल तर मेकॅनिककडून फक्त मागची कॅसेट, म्हणजे दातेरी चक्रांचा संच, बदलून घेता येते का ते विचारा. पुष्कळदा त्यावर भागतं.

सामान पाठीवर घेऊ नका. पाठीवरची सॅक दोन तासांनी खांदे आणि मान धरते. कॅरिअर बसवा आणि दोन्ही बाजूंना पिशव्या, म्हणजे पॅनिअर, लावा. पॅनिअर परवडत नसतील तर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत कपडे गुंडाळून साधी सॅक कॅरिअरवर इलॅस्टिकच्या दोरीनं बांधा. फक्त दोरीचं टोक लोंबत नाही ना आणि चाकात जाणार नाही ना, हे पाहा. एका मुक्कामाला लागतं ते एवढंच: कपड्यांचा एक कोरडा जोड, टॉवेल, विंडचीटर, चपला, टॉर्च, औषधं.

दुरुस्तीच्या सामानात दोन ट्यूब, पंक्चरचं साहित्य, टायर काढायच्या पट्ट्या, छोटा पंप, षटकोनी पान्यांचा संच आणि चेनचं तेल. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. खोऱ्यातल्या गावांत पंक्चरवाले भेटतात, पण त्यांच्याकडची हवा मोटरसायकलच्या व्हॉल्व्हला बसणारी असते. तुमच्या ट्यूबला बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर त्यावर बसणारं पितळी ॲडाप्टर सोबत ठेवा. ते हरभऱ्याएवढं असतं आणि पन्नासेक रुपयांत मिळतं. पावसात चेन दर मुक्कामाला पुसून पुन्हा तेल द्यावं लागतं. खाचरातली लाल माती चेनमध्ये गेली की दुसऱ्या दिवशी प्रत्येक पेडलला करकर ऐकू येते.

पैसे रोख ठेवा, तेही सुट्टे. ऑनलाइन पैसे सगळीकडे चालतात, पण नेटवर्क आलं तर. हाडशी ते तिकोना पट्ट्यात फोनवर विसंबू नका, नकाशा घरूनच उतरवून घ्या.

पहिला दिवस: पौडपर्यंत उरकायचं, पुढे रमायचं

चांदणी चौक ते पौड हे पंचवीसेक किलोमीटर सहलीतले सगळ्यात नावडते आहेत, आणि ते तसेच उरकावेत. हा पुणे-कोलाड रस्ता. पिरंगुटच्या कारखान्यांचे ट्रक, ताम्हिणीकडे निघालेल्या गाड्या, बांधकामाचे डंपर. उपाय एकच, पहाटे साडेपाचला घरातून निघणं. पुढे-मागे दिवे लावा आणि पौडला साडेसातच्या आत पोचा.

चांदणी चौकाचा जुना पूल ऑक्टोबर 2022 मध्ये पाडला आणि नवी रचना 2023 मध्ये खुली झाली. ज्यांच्या डोक्यात अजून जुना चौक आहे त्यांनी आदल्या दिवशी नकाशावर नवे रॅम्प नीट पाहून ठेवावेत. अंधारात चुकीच्या रॅम्पवर चढलात तर थेट महामार्गावर जाल. खात्री नसेल तर बाजूला थांबून मुळशी-पिरंगुटची पाटी शोधा.

चौक ओलांडला की तुम्ही मुठेचं पाणलोट सोडून मुळेच्या पाणलोटात आलात. भूगावच्या बाजूनं वाहणारी रामनदी इथूनच खाली बावधन, पाषाण, बाणेर करत औंधजवळ मुळेला मिळते. भूगाव, भुकूम मागे पडलं की पिरंगुटचा छोटा घाट. चढ लांब नाही, पण उतार वेगाचा आहे आणि तळाशी गर्दीचं गाव आहे, तेव्हा हात ब्रेकवरच ठेवा. पिरंगुटमधून डावीकडे लवासाचा फाटा जातो, तो सोडा. पुढे घोटावडे फाटा, कासारआंबोली, अंबडवेट करत पौड.

पौड मुळशी तालुक्याचं मुख्य गाव. चहा-नाश्ता इथे पोटभर करा, पाण्याच्या बाटल्या भरा, पैसे काढायचे असतील तर इथेच काढा. इथून सरळ गेलात तर मुळशी धरण. 1921 साली सेनापती बापटांनी याच धरणाविरुद्ध शेतकऱ्यांना बरोबर घेऊन सत्याग्रह केला होता. त्या पाण्यावर आजही वीज तयार होते आणि ते पाणी कोकणात उतरतं, इथल्या शेतात नाही. पुढे दोन दिवस आपण धरणाच्या पाण्याच्या सोबतीनंच फिरणार आहोत, म्हणून हे ठाऊक असलेलं बरं.

पौडवरून कोळवणचा रस्ता धरला, मुळेवरचा पूल ओलांडला की दहा मिनिटांत आवाज बदलतो. ट्रक मागे राहतात. आता वळकी नदी सोबतीला येते. हे कोळवण खोरं. चाले, नांदगाव, साठेसाई, होतले, भालगुडी अशी गावं रस्त्यावर किंवा रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे भाताची खाचरं आणि खाचरांच्या बांधावरून झिरपत येणारे ओहोळ. इथे घाई करू नका. पौड ते कोळवण बारा-तेरा किलोमीटर आहे, मी त्याला दीड तास देते आणि तो अजिबात जास्त वाटत नाही.

या खोऱ्यात आता बहुतेक खाचरांत इंद्रायणी भात आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेलं हे वाण 1987 मध्ये आलं आणि मावळ-मुळशीनं ते आपलंसं केलं. त्याआधी इथला मान आंबेमोहराचा. आंबेमोहर उंच वाढतो, वाऱ्यानं लोळतो आणि उतारा कमी देतो, म्हणून लावणारे कमी झाले. पण तो ज्या खाचरात फुलोऱ्यावर असतो तिथून जाताना वास रस्त्यापर्यंत येतो. सायकलवर असाल तरच तो कळतो, गाडीच्या बंद काचेतून नाही. कापणीनंतर आलात तर शेतकऱ्याच्या घरूनच तांदूळ विकत घ्या. दुकानात पोचेपर्यंत जो भाव वाढतो त्यातलं त्याच्या हाती फारसं पडत नाही. कॅरिअरवर पाच किलो सहज बसतात.

कोळवणला चिन्मय विभूती हा आश्रम आहे आणि पुढे हाडशीला टेकडीवर विठ्ठलाचं मोठं देऊळ. हाडशीला अर्धा तास बसा, खा, पाणी भरा. कारण इथून पुढे आपण पंजाचं एक बोट, म्हणजे डोंगराचा फाटा, ओलांडणार. वळकीचं खोरं संपतं आणि चढ सुरू होतो. पूर्ण सहलीतला हा खरा चढ. सगळ्यात हलका गिअर लावा, नजर समोरच्या दहा फुटांवर ठेवा, श्वास बिघडला तर उतरून चाला. चढ चालत चढण्यात काही कमीपणा नाही आणि दोन पिशव्या लादलेल्या सायकलवर तर नाहीच.

खिंडीतून पलीकडे उतरलात की पवन मावळ, म्हणजे पवनेचं खोरं. समोर तिकोना गडाचा त्रिकोण, मागे तुंग गडाचा सुळका आणि त्यांच्या पायथ्याशी पवनेचं धरण. पलीकडच्या अंगाला लोहगड आणि विसापूर. लोहगड 2025 च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, महाराष्ट्रातल्या इतर दहा किल्ल्यांबरोबर. पायांत जोर असेल तर तिकोना पेठेत कुणाच्या तरी अंगणात विचारून सायकल लावा आणि गड चढून या, तासाभराची चढण आहे. मी मात्र सांगेन की पहिल्या खेपेला गड सोडा. दोन्ही करायला गेलं की दोन्ही घाईत होतात.

तिकोना पेठ ते पवनानगर दहाएक किलोमीटर. रस्ता धरणाच्या कडेनं वरखाली होत जातो. पाणी सारखं खुणावतं, पण त्यात उतरू नका. पवनेच्या फुगवट्यात तळ एकदम खोल जातो, खाली गाळ आहे, आणि पोहायला येणारी माणसंसुद्धा इथे बुडाली आहेत. पाय बुडवायचे असतील तर ओढ्यात बुडवा.

ओढे कसे ओलांडावेत

हा भाग जरा सविस्तर सांगते, कारण मावळात सायकल चालवणाऱ्याला खरा धोका ट्रकपेक्षा पाण्याचा आहे.

खोऱ्यातल्या आडरस्त्यांवर पुष्कळ ठिकाणी फरशी असते, म्हणजे बुटका सिमेंटचा पूल, ज्याच्या वरून पावसाळ्यात पाणी जातं. माझ्या मामाचा नियम साधा आहे: फरशीच्या दोन्ही कडा दिसत असतील तरच पाऊल टाकायचं. कडा दिसत नसतील तर पाणी घोट्याएवढं का असेना, अलीकडेच बसायचं. डोंगरातल्या ओढ्याचं पाणी जसं झपाट्यानं चढतं तसंच पाऊस थांबल्यावर उतरतं. तास-दोन तासांत वाट मोकळी होते. तेवढा वेळ जवळच्या घराच्या पडवीत थांबलात तर चहा मिळेल.

पाणी एकाएकी गढूळ झालं, काड्या आणि पालापाचोळा वाहून यायला लागला, तर वर डोंगरात जोराचा पाऊस झालेला आहे असं समजा, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. अशा वेळी ओढ्यातून लगेच बाहेर या.

पाणी उतरल्यावरही फरशीवर शेवाळ असतं. सायकल चालवत नेऊ नका. उतरा, सायकल पाण्याच्या खालच्या अंगाला धरा, म्हणजे ती निसटली तरी तुमच्या पायांवर येणार नाही. सरळ रेषेत चाला, ब्रेक दाबू नका.

जुन्या लोखंडी पुलांवर आणि साकवांवर गर्दी असेल तर जाऊच नका. 15 जून 2025 रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना पूल कोसळला आणि चार माणसं गेली. पावसाळ्यात जिल्हाधिकारी काही धबधबे, धरणं आणि गडांवर बंदीचे आदेश काढतात. निघायच्या आदल्या दिवशी ते आणि धरणातून पाणी सोडल्याची बातमी दोन्ही पाहा. पवनेतून विसर्ग चालू असेल तर दुसऱ्या दिवसाचा नदीकाठचा मार्ग सोडून कामशेतकडून परत या.

मुक्काम आणि माणसं

पवनानगरच्या आसपास तंबूंपासून बंगल्यांपर्यंत राहायची सोय भरपूर आहे. शनिवारी रात्री धरणाकाठच्या तंबूंवर मोठ्यानं गाणी चालतात. झोप हवी असेल तर आठवड्यातल्या मधल्या दिवशी जा, नाहीतर काठापासून आत असलेल्या एखाद्या शेतघरात खोली घ्या. आधी फोन करून दोन गोष्टी विचारा: सायकल आत ठेवता येईल का, आणि जेवण घरचं मिळेल का. इथली भाकरी तांदळाची. पिठलं, ठेचा, इंद्रायणीचा मऊ भात आणि वर कढी, एवढं मिळालं की दिवसभराचा शीण जातो.

बायकांसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. या खोऱ्यांत मी एकटी फिरते आणि मला तिथे परकं वाटलं नाही. पण काही रीती पाळते. रस्ता विचारायचा तर घरापुढे काम करणाऱ्या मावशींना किंवा दुकानातल्या काकांना विचारते. आज रात्री कुठे राहणार, हे वाटेतल्या कुणालाही सांगत नाही. घरी ठरावीक गावांतून फोन करते: पौड, हाडशी, पवनानगर. स्वच्छतागृहासाठी पौडनंतर हाडशीचं देऊळ आणि मग पवनानगर हे भरवशाचे टप्पे. मधे लागलं तर शेतातल्या घरात जाऊन सरळ विचारा, "मावशी, जरा आत जाऊ का?" इतकंच पुरतं. बाहेर आलं की पाणी पुढे येतं आणि एकटी का, कुठून आलीस, घरी कोण-कोण, सगळी चौकशी होते. ती चौकशी आपुलकीची असते. दोन मिनिटं बसा.

खाचरात काम चालू असताना फोटो काढायचे असतील तर विचारा. चिखलात गुडघाभर उतरून दिवसभर वाकून रोपं लावणाऱ्या बाईचा फोटो न विचारता काढून निघून जाणं मला बरोबर वाटत नाही. बांधावरून सायकल नेऊ नका, बांध फुटला तर खाचरातलं पाणी जातं.

कुत्री अंगावर आली तर वेग वाढवू नका. थांबा, उतरा, सायकल मधे धरा आणि चालत पुढे जा. हद्द संपली की ती परततात.

दुसरा दिवस: पवनेबरोबर खाली

पवनानगरहून परतीचे दोन मार्ग. मला नदीचा आवडतो. धरणातून निघालेली पवना पूर्वेकडे जाते आणि तिच्या आजूबाजूनं येळसे, कडधे, थुगाव, शिवणे, बेबडओहोळ, परंदवडी अशी गावं लागत जातात. शेवटी सोमाटणे फाट्याला जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर निघता. एकही मोठी खिंड नाही. वाटेत ऊस, भाजीपाला, आणि येळसेच्या बाजूला गुलाबाची पॉलिहाउस. फेब्रुवारीत व्हॅलेंटाइनच्या आधी इथून गुलाब परदेशी जातात, तेव्हा शेडमध्ये पहाटेपासून तोडणी चालू असते.

या काठानं जाताना एक गोष्ट माहीत असावी. पवना धरण साधारण साडेआठ टीएमसीचं, म्हणजे साडेआठ अब्ज घनफूट पाण्याचं. त्याचं पाणी नदीतूनच खाली येतं आणि रावेतच्या बंधाऱ्यावरून पिंपरी-चिंचवड ते उचलतं. हे पाणी बंद जलवाहिनीतून नेण्याला इथल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतल्या अनेक कुटुंबांचं पुनर्वसन वर्षानुवर्षं रखडलं. या गावांत कुणाशी पाण्यावर बोलणं निघालं तर ऐकून घ्या. आपण शहरातले आहोत, आपल्या नळाला येणारं पाणी अशाच खोऱ्यांतून येतं.

सोमाटण्याहून देहूरोड, निगडी करत शहरात शिरता येतं. महामार्गावर कडेच्या पट्ट्यातूनच चालवा. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, चुकूनही त्याच्या रॅम्पवर चढू नका.

दुसरा मार्ग कामशेतचा, पंधरा-सोळा किलोमीटरचा. यात पवना आणि इंद्रायणीच्या मधला डोंगराचा फाटा ओलांडावा लागतो. वाटेत करुंजजवळ बेडसे लेणी आहेत, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासची. कार्ले-भाजेइतकी गर्दी तिथे नसते आणि चैत्यगृहासमोरचे उंच खांब पाहण्यासारखे आहेत. सायकल पायथ्याशी लावून पायऱ्या चढा. कामशेतहून पुण्याची लोकल मिळते. सायकल न्यायची तर स्टेशनवर आधी विचारून लगेजचं तिकीट काढा, सकाळ-संध्याकाळची गर्दीची गाडी टाळा, आणि दुपारच्या गाड्या विरळ असतात म्हणून वेळापत्रक पाहूनच पवनानगर सोडा.

आधी सराव करायचा असेल तर

सायकलवर सामान लादून कधीच फिरला नसाल तर एका सकाळी मुठा खोऱ्यात जाऊन या. उत्तमनगर, कोंढवे-धावडे करून खडकवासल्याच्या उत्तर काठानं कुडजे, मांडवी, सांगरूण. सांगरूणपाशी मुठा, मोसे आणि आंबी एकत्र येतात आणि त्यांचं पाणी खडकवासल्यात जातं. रस्ता सावलीचा आहे, चढ-उतार छोटे आहेत आणि सिंहगडाकडची रविवारची गर्दी पलीकडच्या काठावर राहते. भरलेल्या पिशव्या लावूनच जा. सायकल वळणात कशी वागते, ब्रेक किती आधी लावावा लागतो, कुठली पिशवी चाकाला घासते, हे तिथेच कळतं. दुपारच्या आत घरी येता.

पवन मावळ झाल्यावर पुढची सहल गुंजण मावळची करा. कात्रज, खेड शिवापूर, चेलाडी फाट्यावरून नसरापूर, तिथे नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं बनेश्वर. पुढे गुंजवणी आणि कानंदीच्या खोऱ्यातून मार्गासनी, विंझर. एका अंगाला राजगड, समोर तोरणा. परतताना पाबे घाट चढून खानापूरला उतरायचं आणि खडकवासल्यावरून घरी. हा घाट हाडशीच्या चढापेक्षा बराच कठीण आहे, म्हणून मुक्काम वेल्ह्याच्या बाजूला करा आणि घाट दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, भरल्या बाटल्यांनिशी घ्या.